धावडवाडीचा उंच पूल

नोकरीत असताना मला नावानं हाक मारणारी माणसं फक्त घरात होती. बाहेर सगळे म्हणायचे, "उंच पुलाचा मिस्त्री." रेल्वेच्या त्या मार्गावर लहानमोठे पूल पुष्कळ होते आणि ते सगळेच आमच्या गँगकडं होते. ओढ्यांवरच्या मोऱ्या तर विचारूच नका. पण मला चिकटला तो हा एकच. आता ती गाडी गेली, पुलाचं लोखंडही गेलं. मी मात्र अजून उंच पुलाचाच मिस्त्री आहे. परवा दवाखान्यात माझा नंबर आला तर कंपाउंडरनंही तशीच हाक मारली.

ज्यांनी ती छोटी गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रुळांमधलं अंतर अडीच फूट. डबे इतके अरुंद की समोरासमोर बसलं तर गुडघ्याला गुडघा लागायचा. कुर्डुवाडीहून निघायची, बार्शी, येडशी करत लातूरकडं जायची. घाईच्या माणसानं तिच्यात बसू नये. चढावर तरणी पोरं खाली उतरून लघवी करून परत डब्यात चढायची, ही थट्टा नाही, मी स्वतः पाहिलंय.

येडशीच्या पट्ट्यात बालाघाटचे डोंगर आडवे येतात. तिथं एका नदीनं खोल दरी कोरलीय. नदी म्हणायची ती पावसाळ्यापुरती. उन्हाळ्यात तिच्या पात्रात शेळ्या चरायच्या. निजामाच्या मुलखात गाडी आणायची ठरली तेव्हा या दरीवर पूल बांधला. काळ्या दगडाचे उंच खांब, खांबांवर लोखंडी गर्डर, गर्डरवर सागवानी स्लीपर आणि स्लीपरवर रूळ. कठडा नाही. दोन स्लीपरांमधून थेट खालची नदी दिसायची. वरून पाहिलं तर चरणारा बैल शेळीएवढा वाटायचा. दरीच्या पलीकडं धावडवाडी, म्हणून पूल धावडवाडीचा.

पुलाचं काम म्हणजे काय, असं बाहेरची माणसं विचारतात. त्यांना वाटतं, पूल एकदा बांधला की झालं. तसं नाही. लोखंड उन्हात वाढतं आणि थंडीत आकसतं, आणि आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. म्हणून गर्डरचं एक टोक खांबावर घट्ट बसवतात आणि दुसरं सरकायला मोकळं ठेवतात. त्या मोकळ्या टोकाखाली धूळ साचली, वंगण वाळलं, की गर्डर अडतो आणि दगडाला ढकलायला लागतो. मग जॅक लावून तो जरासा उचलायचा, खालची जागा पुसून काढायची, नवं ग्रीस भरायचं. लोखंडाचे पत्रे जोडणाऱ्या प्रत्येक रिव्हेटवर छोटा हातोडा मारायचा आणि कान द्यायचा. घट्ट रिव्हेट खणखणीत वाजतो, सैल झालेला भद्द वाजतो. गंज खरवडून रंग द्यायचा. तो द्यायला गर्डरच्या पोटाखाली दोरानं फळी टांगायची. आम्ही तिला झुला म्हणायचो. झुल्यावर बसून रंगवणाऱ्याच्या खाली नुसती दरी.

हे सगळं मला शिकवलं रहीमचाचांनी. ते आमच्या गँगचे जुने कारागीर. मी मिस्त्री म्हणून त्यांच्यावर आलो तेव्हा हुद्द्यानं मोठा आणि अक्कल शून्य. पहिल्या दिवशी पुलाच्या मधोमध माझे पाय थांबले. पुढंही जाईनात, मागंही जाईनात. चाचा मागून म्हणाले, "खाली नको बघू बेटा. पुढच्या स्लीपरकडं बघ. पूल कुठं जात न्हाय, तूच जातोय." असं करत त्यांनी मला पलीकडं नेलं आणि ही गोष्ट गँगमध्ये कुणाला सांगितली नाही.

त्याच आठवड्यात गयाबाई भेटली. मी पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभा होतो. समोरून एक बाई डोक्यावर दुधाची कॅन घेऊन स्लीपरांवरून चालत येत होती. एका हातानं कॅन धरलेली, दुसऱ्या हातात चपला. टोकाच्या खांबाला पाटी लावली होती: पुलावरून पायी जाण्यास मनाई आहे. ती पाटीजवळ आली, कॅन खाली ठेवली आणि पाटीच्याच खांबाला टेकून चपला घालू लागली.

"बाई, इथं काय लिहिलंय?" मी दरडावलं.

"मला कुठं वाचता येतं? तुमी सांगा की."

"पुलावरून चालायला बंदी आहे."

"व्हय का?" ती म्हणाली. "मग धावडवाडीनं दूध कुठून आणायचं? खालून गेलं तर दरी उतरा, दरी चढा, काटवन तुडवा. तवर दूध नासतं. लांबच्या सडकेनं गेलं तर दिवस मावळतो."

"गाडी आली म्हणजे?"

तिनं पुलाकडं बोट केलं. प्रत्येक खांबावर बाजूला एक छोटा लोखंडी सज्जा काढलेला असतो, गाडी आली तर कामगारांना उभं राहायला. "तितं उभी ऱ्हाते. डायवर हात बी करतो." आणि निघाली.

धावडवाडीची सगळीच माणसं अशी यायची. मास्तर यायचे, बाजारकरी यायचे, एकदा तर नवरा मुंडावळ्या बांधून आला. आम्ही ओरडायचो, ते ऐकून घ्यायचे. नियम आमच्याकडं होता आणि वाट त्यांच्याकडं.

मग आग्या मोहोळाचा दिवस आला.

उंच जागी, कुणाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी आग्या माशा पोळी धरतात. आमच्या पुलाला दरवर्षी परातीएवढी पोळी लटकायची. आम्ही त्यांच्यापासून लांबच्या गाळ्यात, म्हणजे लांबच्या दोन खांबांमधल्या भागात, काम धरायचो आणि त्यांच्या वाटेला जायचो नाही. त्या दिवशी सकाळी ऊन छान पडलं होतं. रहीमचाचा झुल्यावर रंग देत होते. वर दोर धरून मी होतो. बाकीचे पुढं गंज खरवडत होते. एवढ्यात वरून एक घार आली आणि पलीकडच्या पोळ्यावर तिनं झडप घातली. पोळ्याचा तुकडा घेऊन ती गेली, आणि माशा उठल्या.

तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल. गिरणी सुरू झाल्यासारखा. माणसं हातातली हत्यारं टाकून स्लीपरांवरून पळाली. पळताना कुणी पडलं नाही हे आश्चर्यच. टोकाला लाल झेंडी घेऊन उभा असलेला गडीही झेंडी टाकून शेतात पळाला. त्यालाही मी दोष देत नाही. त्याचं तोंड माशांनी भरलं होतं. राहिलो मी आणि खाली झुल्यावर चाचा. त्यांना शिडीनं वर यायचं होतं, पण डोळ्याला डंख बसले होते. शिडी दिसत नव्हती.

"चाचा, दोर धरा! मी ओढतो!"

"धरलाय! ओढ!"

एकट्यानं ओढून भरला माणूस वर येत नाही. मला मानेवर, कानावर डंख बसत होते. आणि येडशीकडून शिट्टी ऐकू आली. गाडी निघाली होती. झेंडी दाखवायला धावलो तर चाचा लोंबकळत राहणार. दोर धरून थांबलो तर आम्ही रुळावर आणि गाडी येणार.

तेवढ्यात धावडवाडीच्या बाजूनं गयाबाई येताना दिसली. मी जीव खाऊन ओरडलो, "मागं फिरा! माशा उठल्यात!"

तिनं कॅन सज्ज्यात ठेवली. पदर तोंडाला गुंडाळला, नुसते डोळे उघडे ठेवले आणि चालत, पळत नाही, चालत आमच्याकडं आली.

"तुमी वढा. म्या दोर धरते."

मी ओढायचा, तिनं तेवढा दोर रुळाभोवती पेचात धरून ठेवायचा, पुन्हा मी ओढायचा. असं करत चाचांचा हात वर दिसला. त्यांना आम्ही फरफटत सज्ज्यात घेतलं आणि रंगाची ताडपत्री तिघांवर ओढली. एवढ्याशा सज्ज्यात तिघं आणि एक दुधाची कॅन. ताडपत्रीवर माशा पाऊस पडल्यासारख्या आदळत होत्या.

गाडी पुलाच्या तोंडाशी येऊन थांबली. तिथं सावकाश जाण्याचा फलक होता, आणि ड्रायव्हरनं शेतात पळणारी माणसं पाहिली होती. झेंडी नसताना तो थांबला, एवढ्यावरच आम्ही त्याचे आयुष्यभर ऋणी राहिलो असतो. पण त्यानं आणखी एक केलं. वाफेचं इंजिन होतं. त्यानं फायरमनला भट्टीत ओला कोळसा टाकायला लावला आणि काळाकुट्ट धूर सोडत, माणसाच्या चालीनं, शिट्टी वाजवत इंजिन पुलावर घातलं. धूर गाळ्यागाळ्यातून खाली उतरला. आम्हाला श्वास घेता येईना, पण माशांनाही येईना. इंजिन आमच्या सज्ज्याशेजारी येऊन थांबलं आणि वरून आवाज आला, "हायेत का सगळे?"

ताडपत्रीतून गयाबाई म्हणाली, "हायेत. दूध बी हाय."

चाचांना त्याच गाडीतून बार्शीच्या दवाखान्यात नेलं. वाचले. डावा डोळा मात्र अधू झाला आणि झुल्यावरचं काम सुटलं. नंतर ते खाली बसून ब्रश धुवायचे, हत्यारं परजायचे. त्यांच्यासारखा माणूस ब्रश धुताना पाहिला की मला अजून वाईट वाटतं. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "हात तर हायेत ना."

त्या प्रकारानंतर वरून आदेश आला: पुलाच्या दोन्ही टोकांना रुळांच्या कडेनं काटेरी तार लावा, पायी जाणारे बंद करा. मी तार लावली. आमची ढकलायची ट्रॉली रुळावरून बाजूला काढायला तारेत जेवढी फट ठेवावी लागते त्यापेक्षा थोडी जास्त ठेवली. डोक्यावर कॅन घेतलेली बाई जाईल एवढी. साहेब तपासायला आले, फटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ट्रॉली फार रुंद दिसते तुमची." आणि तपासणीच्या कागदावर सही केली.

वर्षं गेली. वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं. मग मोठ्या रुळांची कामं सुरू झाली. नवा मार्ग डोंगराला वळसा घालून दुसरीकडून गेला आणि एका दिवशी छोटी गाडी बंद झाली. पूल उभाच होता. आता त्यावरून फक्त धावडवाडी चालायची आणि तीही निर्धास्त, कारण मागून यायला काही उरलं नव्हतं.

माझी निवृत्ती जवळ आली होती तेव्हा पूल उतरवायचा आदेश निघाला. लोखंड लिलावात गेलं होतं. ठेकेदार ठरला. रेल्वेतर्फे देखरेखीला एक तरुण इंजिनिअर मॅडम आल्या, नागपूरकडच्या. आणि त्यांच्या हाताखाली मी. ज्याचे रिव्हेट मी जन्मभर वाजवून पाहिले, तोच मला कापून काढायचा होता.

आम्ही पोचलो तेव्हा अख्खी धावडवाडी पुलाच्या तोंडाशी बसली होती. पुढं गयाबाई. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच होता.

"मिस्त्री, सांगा ह्यास्नी. पूल काढायचा न्हाय. तुमची गाडी गेली, आमची वाट कशापायी नेता?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आजी, आता याची देखभाल होणार नाही. दोनचार वर्षांत कुणीतरी खाली पडेल."

"आजवर कोन पडलं?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. गयाबाईनंही पाहिलं. पूल ठीक आहे, एवढं म्हणालो असतो तर धावडवाडीनं मला खांद्यावर घेतलं असतं. पण तो ठीक नव्हता.

"गयाबाई," मी म्हणालो, "मॅडम खरं सांगतायत."

"तुमी बी?" ती म्हणाली. एवढंच. पण माझ्याकडं पाहायचं तिनं सोडलं.

मी तिला म्हटलं, "माझ्याबरोबर चला." ती उठेना. तिच्या मागं तिचा नवरा बसला होता, तात्या. फारसा न बोलणारा माणूस. इतक्या वर्षांत मी त्याचे चार शब्द ऐकले असतील. तो उठला, तशी तीही उठली. आम्ही पहिल्या गाळ्यात गेलो. तात्यांच्या हातातली काठी मी मागून घेतली आणि एका स्लीपरवर दाबली. वरून सागवान धड दिसत होतं. काठीचं टोक लोण्यात जावं तसं आत गेलं. दुसऱ्यावर दाबली, तिथंही गेलं. तिसरा जरा बरा होता.

गयाबाई काठीनं झालेल्या भोकाकडं पाहत राहिली. त्याच स्लीपरवरून ती सकाळी आली होती.

"ह्येच्यावर नातवंडं शाळंला जात्यात," ती हळू म्हणाली. मग मॅडमकडं वळून, "मग आमी कुठून जायाचं, ते सांगा."

तिकडं ठेकेदाराची घाई चालली होती. गर्डर गॅसनं कापून सरळ दरीत पाडायचे, तुकडे करून न्यायचे, असा त्याचा बेत होता. मॅडमनी तो मोडला. एवढं वजन उंचावरून पडलं तर खांब खिळखिळे होतील, माणसं दगावतील. क्रेन खाली नेऊन एकेक गर्डर सावकाश उतरवायचा, असं त्यांनी बजावलं.

"क्रेन खाली नेऊ कुठून?" ठेकेदार चिडला. "दरीत बैलगाडी उतरत न्हाय."

"उतरत हुती," तात्या म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं वळले. गयाबाईसुद्धा.

तात्यांचे आजे या पुलाच्या खांबांसाठी दगड वाहायला होते, बैलगाडीनं. खाण वर आणि खांब खाली, म्हणजे गाडी उतरायला वाट असलीच पाहिजे. तात्या लहानपणी आज्याबरोबर तिथून सरपणाला गेले होते. मग काटवन वाढलं, पुलावरून जाणं सोपं पडायला लागलं आणि ती वाट कुणाच्या ध्यानात राहिली नाही.

त्यांनी आम्हाला नेलं. धावडा, पळस आणि टणटणी तोडत आम्ही उतरलो. निम्म्यात तात्या थांबले आणि पायानं पाला बाजूला सारला. खाली कातळ होता आणि कातळात दोन समांतर चऱ्या पडल्या होत्या. दगडांनी भरलेल्या गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावांनी घासून पडलेल्या. मॅडम गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी चरीत हात ठेवला. मीही ठेवला. सगळा जन्म या पुलावर काढला, पण त्याचे दगड तिथं आले कसे, हे मी कधी विचारलं नव्हतं.

वाट नागमोडी होती, उताराला बेताची. दुरुस्त केली तर क्रेन जाऊ शकत होती. मी मॅडमना म्हणालो, "ठेकेदाराला क्रेन उभी करायला नदीच्या पात्रात भराव टाकावाच लागणार. तो नुसत्या मातीचा टाकेल आणि पहिल्या पावसात जाईल. त्यात पाणी जायला सिमेंटच्या नळ्या घातल्या आणि कडेनं दगड घट्ट रचून पिचिंग केलं, तर काम संपल्यावर वाडीला रस्ता राहील."

"नळ्या कुठून आणायच्या?"

"बंद लाइनच्या मोऱ्यांमध्ये पडूनच आहेत."

मॅडमनी वरच्या साहेबांना फोन लावला. एकदा, दोनदा, मग पुन्हा. परवानगी मिळाली. ठेकेदार कुरकुरला, पण त्यालाही पक्की वाट सोयीचीच होती. मोऱ्यांच्या नळ्या आमच्या गँगनं काढून आणल्या. दगड धावडवाडीनं रचले. गयाबाई बायकांना घेऊन रोज यायची. माझ्याशी बोलणं सुरू झालं होतं, पण पहिले काही दिवस नुसतं कामापुरतं. "हितं धोंडा बसंना मिस्त्री." एवढंच.

खालची वाट पुरी झाल्यावरच आम्ही वर गॅसची ज्योत लावली. गर्डर उतरायला लागला की मी खाली उभा राहायचो. शेवटचा उतरला त्या दिवशी टाळ्या वाजल्या, नारळ फुटला. मी वर पाहिलं. एवढी वर्षं आभाळात जी काळी रेघ होती ती गेली होती. नुसते खांब उभे होते, आपापले. मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. रहीमचाचा असते तर त्यांना काय वाटलं असतं, एवढंच मनात आलं. ते त्याआधीच गेले होते.

पुढं मी निवृत्त झालो. पण चैन पडेना. रस्ता मी सुचवलेला. पाण्यात टिकला नाही तर धावडवाडीला ना पूल, ना वाट. पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी येडशीहून रिक्षा करून दरीच्या तोंडाशी गेलो आणि वाट उतरलो. नदी भरावावरून वाहत होती. गढूळ, फेसाळ. खाली रस्ता आहे की वाहून गेला, काही दिसत नव्हतं. पलीकडच्या काठाला गयाबाई आणि तात्या उभे होते.

"राहिलाय का?" मी ओरडलो.

"काय की! पाणी उतरू द्या! बसा!" गयाबाई ओरडली.

बसलो. ते तिकडं, मी इकडं. दुपारकडं पाणी ओसरलं. आधी कडेचे दगड दिसले, मग मधला उंचवटा, मग सगळा रस्ता. नळ्यांच्या तोंडांतून पाणी धबाधबा बाहेर पडत होतं. दोनतीन दगड सरकले होते, बाकी जागचं काही हललं नव्हतं.

ती दोघं निघाली. घोटाभर पाण्यातून, शेजारी शेजारी. गयाबाई हातवारे करत काहीतरी सांगत होती, तात्या मान हलवत होते. माझ्याजवळ येईपर्यंत तिचं बोलणं चालूच होतं.

"तात्या," मी विचारलं, "एवढं काय बोलणं चाललंय?"

तात्यांनी धोतराचा सोगा पिळला. "जल्मभर पुलावर म्या पुढं, ही मागं," ते म्हणाले. "काय म्हनायची ते वाऱ्यात ऐकू यायचं न्हाय. आता रस्ता रुंद केलाय तुमी. समदं ऐकावं लागतंय."